तीन खाचा

हे मी कधी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, ज्याच्याशी पस्तीस वर्षांची दोस्ती आहे त्यालाही नाही. एक अपवाद आहे, गेल्या मंगळवारचा. तो क्रमाने येईल. क्रम सोडून बोललो तर मी पुन्हा मला सोयीचं तेवढंच सांगेन — ही माझी खोड मला आता कळली आहे.

मी मोजणारा माणूस आहे. वर्ध्यातल्या एका तंत्रशिक्षण संस्थेत मुलांना मोजमाप शिकवतो. व्हर्नियर कसा धरायचा, मायक्रोमीटर किती आवळायचा, डोळा कुठे ठेवायचा. पहिल्याच दिवशी फळ्यावर एक नियम लिहितो. आकडा चुकला तर खरवडायचा नाही, गिरवायचा नाही. त्यावर एकच आडवी रेघ, चुकलेला आकडा रेघेखाली वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा आणि सही. अठ्ठावीस वर्षं हेच शिकवत आलो. बोरगाव मेघेतल्या आमच्या घरात गॅसचं सिलिंडर कधी लावलं ते दारामागे तारखेसकट लिहिलेलं असतं. शेजारी हसतात. हसू देत.

अशा माणसाने आयुष्यात एकच आकडा जाणूनबुजून खोटा लिहिला. एकच. — पण एक पुरतो, नाही का?

तो आकडा समजायला बंदुकीबद्दल चार गोष्टी सांगाव्या लागतील. कंटाळू नका. त्या कळल्या नाहीत तर माझी चूक तुम्हाला लहान वाटेल, आणि ती लहान नव्हती.

वडिलांची बारा बोरची बंदूक त्यांच्यामागे परवान्यासकट माझ्या नावावर आली. परवाना पीक राखणीचा. आमच्याकडे रानडुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगायी, शेतात शिरले की एका रात्रीत चणा साफ. असे परवानेवाले आम्ही पंधरा-वीस जण होतो. हात साफ राहावा म्हणून केळझरच्या बाजूला एका सभासदाच्या पडीक बरडावर आम्ही दर रविवारी सकाळी जमत असू. यंत्रातून मातीची चकती हवेत सुटते, ती छर्ऱ्यांनी फोडायची. मंडळ लहान, शिस्त मोठी. पलीकडे एक तळं आहे. हिवाळ्यात तिथे बदकं उतरतात, गावची जनावरं पाणी पितात. आमचे शिशाचे छर्रे वर्षानुवर्षं त्याच तळ्यात पडत होते. पाखरं खड्यांबरोबर ते दाणे गिळतात, आणि शिसं विष आहे. हे कळल्यावर मंडळाने ठरवलं, तळ्याच्या बाजूने शिसं बंद. स्टीलच्या छर्ऱ्यांची बाहेरून येणारी काडतुसं मागवायची.

निर्णय चांगला होता. पण स्टील म्हणजे शिसं नव्हे. बंदुकीच्या नळीच्या तोंडात आट्यांवर फिरवून बसवायचा बोटभर लांबीचा पोलादी तुकडा असतो, त्याला चोक म्हणतात. तो नळीचं तोंड थोडं अरुंद करतो, म्हणजे छर्रे फार न पसरता दूर जातात. आमच्या नळीचा व्यास साडेअठरा मिलिमीटर. सर्वांत घट्ट चोक तो जवळजवळ एक मिलिमीटरने कमी करतो, मध्यम अर्ध्याने, खुला पावाने. शिसं मऊ असतं, ते दबतं, चपटं होतं आणि त्या अरुंद तोंडातून निघून जातं. स्टील दबत नाही. वाट अरुंद असली की ते वाटच फाकवतं. म्हणून स्टीलला मध्यमपेक्षा घट्ट चोक लावायचा नाही. आणि बोटाने कळावं म्हणून चोकच्या काठावर खाचा असतात. आमच्याकडच्या चोकांना खुल्याला पाच, मध्यमला तीन, सर्वांत घट्ट असेल त्याला एक.

खाच जितकी कमी, तितका धोका जास्त. एवढं लक्षात ठेवा. बाकी विसरलात तरी चालेल.

चार महिने मी त्यावर अभ्यास केला. सभासदांच्या सतरा बंदुका मोजल्या. त्यातल्या अकरा जणांना सांगितलं की तुमची नळी जुनी आहे, पातळ आहे, हिच्यात स्टील कधीच घालू नका. माझीही त्या अकरांत होती. काही लोक रागावले. मग मी नियमावली लिहिली. चोक स्टीलसाठी बनवलेलाच हवा, त्यावर तसं कोरलेलं हवं. मध्यमपेक्षा घट्ट नको. आट्यांवर पूर्ण आवळलेला हवा, कारण सैल चोकचा काठ आत उघडा पडतो आणि छर्रे त्यावर आदळतात. दर पंचवीस बारांनंतर बंदूक रिकामी करून चोक हाताने पुन्हा तपासायचा. डोळ्यांना चष्मा लावायचाच, कारण स्टील दगडावरून उलटं येतं. सहा पानं झाली. सुवाच्य अक्षरात, कोष्टकांसह. आणि ती मी विलासच्या हाती दिली.

विलास माझा शाळेपासूनचा मित्र. वर्ध्यात त्याचं बी-बियाण्यांचं दुकान, आणि मंडळाचा तो सचिव. मी बोलण्यात कच्चा, तो पक्का. बैठकीत मी एक आकडा सांगायचो आणि तो त्याची गोष्ट करायचा. आमचं असंच चालत आलं होतं, आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. तोवर.

स्टीलच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी मी टेबल लावायला मैदानावर गेलो. शेडच्या भिंतीवर नवा कोरा बोर्ड टांगलेला. माझी नियमावली, माझं कोष्टक, एका ठिकाणी मी वापरलेले ‘बोटाने चाचपून’ हे शब्दसुद्धा तसेच. खाली — ‘तयार करणारे : विलास’, आणि त्याचं पूर्ण नाव. माझं नाव कुठेच नव्हतं. मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना शेडच्या मागून आवाज आले. विलास आणि आणखी दोघे तिथे चहा घेत होते. कोणीतरी विचारलं, मास्तरचं नाव काऊन नाई टाकलं? विलास हसला. म्हणाला, “अबे त्या मिलिमीटरले काय नावाचं? त्याले आकडे द्या अन् कोपऱ्यात बसवा, खूश राह्यते तो.”

ते तिघेही हसले.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचं काय? मीही स्वतःला तेच म्हणालो. पण घरी येताना स्कूटर दोनदा बंद पडू दिली. इतक्या वर्षांत त्या माणसाने मला असंच मोजलं होतं का? मी ज्याला दोस्ती म्हणत होतो, तो त्याच्या दृष्टीने कोपरा होता? मला राग आला नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं, मी भांडलो असतो. मला जे झालं ते वेगळं होतं. आपल्याच घराच्या कुलपाला आपली किल्ली लागू नये, तसं. मी तिथेच उभा राहून, ‘विलास, हे काय?’ एवढे तीन शब्द बोलू शकलो असतो. बोललो नाही. तोंडाने बोलायचं ते मी दुसऱ्या दिवशी पेनने बोललो.

दुसऱ्या दिवशी तपासनीस मीच होतो. पद्धत अशी — बार करण्याआधी प्रत्येकाने बंदूक उघडून, रिकामी असल्याचं दाखवून माझ्या टेबलावर आडवी ठेवायची. मी चोकच्या काठावरून बोट फिरवायचं, खाचा मोजायच्या, वहीत लिहायच्या. माझी सही झाल्याशिवाय कोणी बार करायच्या रेषेवर जायचं नाही. त्या वहीवर सगळ्यांचा विश्वास होता. मलाही तिचा अभिमान होता.

सगळ्यांच्या घरची मंडळी आली होती. तर्री-पोह्यांचं पातेलं चुलीवर चढलं होतं. सहाच बंदुका स्टीलसाठी योग्य. विलास चौथा आला. त्याची दुनळी नवी, जाड नळीची, एकावर एक नळ्या असलेली. महिनाभरापूर्वी वरच्या नळीचे आटे घासले गेले होते, ते त्याने कवडूजी मिस्त्रींकडून नीट करून घेतले होते. कवडूजी म्हणजे वर्ध्यातले जुने, परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाले. त्यांच्याबद्दल पुढे सांगतो. पुढे सांगतो म्हणतानाही हात थांबतो.

खालच्या नळीवरून बोट फिरवलं. पाच खाचा. बरोबर. वरच्या नळीवरून फिरवलं.

एक.

मी पुन्हा फिरवलं. एकच. विलासला जवळचं चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा लावायचा त्याला कमीपणा वाटतो. आधीच्या आठवड्यात शिशाने लांबच्या चकत्या फोडायला त्याने घट्ट चोक लावला होता, तो तसाच राहिला होता. साधी चूक. अशा चुका पकडायला तर मी टेबलावर बसलो होतो. ‘विलास, चोक बदल’ म्हटलं असतं की दोन मिनिटांचं काम.

तो मोठ्याने म्हणाला, “झालं का बे मिलिमीटर? का माहा जन्मदाखला पाह्यजे?” रांगेतले लोक हसले. मग तो वाकला आणि हळू, आपलेपणाने म्हणाला, “पाह्यलं न तू? मंग झालं. तुह्या बोटावर भरोसा हाय आपला.”

आणि मी लिहिलं — वरची नळी, खाचा ३. सही केली.

का? मी सहा वर्षं हा प्रश्न स्वतःला विचारतो आहे, आणि उत्तर मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मला त्याची फजिती हवी होती. मी हिशेब केला होता. हो, त्या तीन-चार सेकंदांत मी हिशेब केला. छर्रे बारीक आहेत, नळी जाड आहे, नवी आहे. फार तर चोक फुगून अडकेल. मग सगळ्यांसमोर निघेल की ज्याच्या नावाने बोर्डावर नियम आहेत त्यानेच नियम मोडला. लोक हसतील. कोपऱ्यात बसवलेला माणूस त्या वेळी काही बोलणार नाही, नुसता बघेल. एवढंच हवं होतं मला.

आणि वहीत तीन लिहिलं असताना मी ते एक होतं हे कसं सिद्ध करणार होतो? बघा — एवढाही विचार केला नव्हता. मोजणारा माणूस म्हणे.

पहिल्या पंचवीस बारांत काही झालं नाही. पंचवीस झाल्यावर चोक तपासायचा असतो, हा माझाच नियम. विलास रेषेवरूनच हात वर करून ‘ठीक’ म्हणाला, आणि मी मान डोलावली. म्हणजे संधी एकदा नव्हे, दोनदा आली. त्यानंतरच्या सातव्या की आठव्या बाराला — इथे मला आकडा आठवत नाही, आणि हे फार क्वचित होतं — आवाज वेगळा आला. फुटक्या घंटेसारखा. वरच्या नळीचं तोंड फुगून फाटलं होतं. चोकच्या काठाचा एक तुकडा उडाला, रेषेवरच्या लोखंडी खांबावर आपटला आणि मागे येऊन शेडच्या टिनावर बसला.

टिनाला टेकून विलासची धाकटी मुलगी बसली होती. मांडीवर पोह्यांची प्लेट.

सगळे विलासकडे धावले. त्याला काही झालं नव्हतं. हात बधिर झाला होता आणि चेहरा मातीसारखा. मुलीला काही झालं नव्हतं. ती उठून आईकडे गेली. मी कुठे धावलो? मी टिनाखालच्या वाळलेल्या गवताकडे गेलो. तुकडा तिथेच होता, अजून गरम. नखाएवढा. त्यावर एक खाच होती, तिच्या दोन्ही बाजूंना सपाट काठ. मी तो खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन एकटा तिथे गेलो. टिनावरचा पोचा जमिनीपासून एकशे अकरा सेंटिमीटर. ती ज्या स्टुलावर बसली होती त्यावर मी बसून पाहिलं, तिच्या उंचीचा अंदाज घेतला. तिचं कपाळ साधारण एकशे सहावर असणार. आडवं अंतर चौसष्ट. हे आकडे मी कुठेही लिहिलेले नाहीत. पण गेल्या सहा वर्षांत असा आठवडा गेला नाही ज्यात ते मला दिसले नाहीत. तिचं मागच्या वर्षी लग्न झालं. मी अक्षता टाकल्या. चौसष्ट सेंटिमीटर.

आता कवडूजी.

बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. चोक नळीत असा रुतला होता की नळी कापल्याशिवाय निघणार नव्हता, आणि राहिलेला काठ नुसता सपाट होता. उडालेला तुकडा, मंडळाच्या अहवालात लिहिल्याप्रमाणे, ‘शोधूनही सापडला नाही’. ते वाक्य माझं. मग मंडळाची बैठक झाली. कारण काहीतरी हवंच होतं. चोक जर मध्यम होता, तर नळी फाटली कशी? एकच उत्तर उरत होतं. आटे. मिस्त्रीने आटे सैल पाडले, चोक हलला, छर्रे काठावर आदळले.

कवडूजींना बोलावलं. तेव्हा ते अडुसष्ट वर्षांचे होते. खादीचा पांढरा सदरा, खिशात आटे मोजायचा गेज, ज्याची पाती पंख्यासारखी उघडतात. दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरी करून, मग चाळीस वर्षं आपलं दुकान. मला ते फार मानायचे. कधीकधी दुरुस्त केलेली नळी घेऊन घरी यायचे, फक्त माझ्या मायक्रोमीटरवर खात्री करायला. आमचं माप दरवेळी जुळायचं आणि दोघांनाही आनंद व्हायचा. हा आनंद ज्यांना ठाऊक नाही, त्यांना तो समजावता येत नाही.

ते म्हणाले, “आटे मी सोता फिरवून पाह्यले होते. सैल नोयते, बाप्पा.” विलास म्हणाला, “मंग नळी काऊन फाटली?” कवडूजींनी खिशातला गेज काढला, पाती उघडली, पुन्हा मिटली. खरं बोलणाऱ्याकडे पुष्कळदा उत्तर नसतं. अध्यक्ष माझ्याकडे वळले. “मास्तर, वहीत काय हाय?”

वही माझ्या मांडीवर होती. तुकडा माझ्या घरी, टेबलाच्या खणात, काड्यापेटीत होता. मी म्हणालो, “तीन.”

कवडूजी माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं होतं ते संशयाने बघतील, चिडतील, म्हणतील की मास्तर, पुन्हा आठवून पाहा. त्यांनी नुसती मान खाली घातली. म्हणाले, “मास्तरच्या वहीत तीन असन तं तीनच असन. मंग माहाच हात चुकला.”

हे तुम्हाला कळलं का? त्यांनी स्वतःच्या हातापेक्षा माझ्या आकड्यावर जास्त विश्वास ठेवला. त्या शनिवारी शेडबाहेर उभा असताना मला जे झालं, त्याचं मी किती कौतुक केलं होतं मनात! विश्वासघात, विश्वासघात. आणि इथे एक म्हातारा माझ्या शब्दावर आपली चाळीस वर्षं सोडून देत होता आणि त्याला ठाऊकही नव्हतं की त्याचा घात होतो आहे. ज्याला कळतं तो निदान रडू तरी शकतो.

अहवाल परवान्याच्या कार्यालयात गेला. कोणी त्यांचा परवाना काढून घेतला नाही. मुदत संपल्यावर त्यांनीच नूतनीकरणाचा अर्ज केला नाही. दुकान बंद करून ते अल्लीपूरला मुलीकडे राहायला गेले.

आणि विलास? बैठकीनंतर आठ दिवसांनी तो घरी आला. केळझरच्या गणपतीला जाऊन आलो म्हणाला, पेढे आणले होते. “बोर्ड बदलला बे. तुहं नाव टाकलं. वरतं, मोठ्या अक्षरात.” बायकोने चहा ठेवला. मग त्याने खिशातून चोकची डबी काढली आणि टेबलावर ठेवली. “हे ठेव तुह्यापाशी. मले आता काय काम?”

तो गेल्यावर मी डबी उघडली. त्याच्याकडे तीन चोक होते — एक खाचेचा, तीनचा आणि पाचचा. पाचचा खालच्या नळीत होता. दुसरा वरच्या नळीत रुतला होता. राहिलेला या डबीत. मी बोट फिरवलं. तीन खाचा.

म्हणजे त्याला माहीत होतं. बैठकीत ‘मंग नळी काऊन फाटली?’ असं विचारताना त्याला माहीत होतं. त्याने डबी उघडून पाहिली होती, म्हणूनच तर ती त्याला स्वतःपाशी नको होती, माझी वही खोटी आहे हे त्याला कळलं होतं, आणि ती खोटी असणंच त्याच्या सोयीचं होतं. नाहीतर त्याचा निष्काळजीपणा उघडा पडून त्याचाच परवाना अडचणीत आला असता. मी ते जाणूनबुजून केलं, हे त्याला कळलं का? की माझं बोट चुकलं असं समजून तो मलाच सांभाळत होता? आजही मला माहीत नाही. आम्ही दोघांनी कधी विचारलं नाही. बोर्डावर माझं नाव आहे. दिवाळीला तो सहकुटुंब येतो. लोक म्हणतात, काय दोस्ती आहे. एका माणसाला मध्ये पुरून त्यावर आम्ही बसतो, आणि चकली खातो.

मला फसवलं गेलं, हे खरं होतं. ते मी आजही खोडत नाही. पण फसवल्या गेलेल्या माणसाला वाटतं की आता त्याच्या हातून काही चुकूच शकत नाही. जे होईल ते परतफेड. आणि परतफेड ज्याच्याकडे जायला हवी त्याच्याकडे जातच नाही. ती वाटेत जो उभा असेल त्याच्यावर पडते.

मागच्या महिन्यात आमच्या संस्थेतल्या एका सहकाऱ्याच्या घरच्या कार्यासाठी अल्लीपूरला गेलो होतो. कवडूजी ओसरीवर बसलेले दिसले. मी नजर चुकवणार होतो, त्यांनीच हाक मारली. चहा पाजला. समोर विहिरीवरच्या मोटारीचा नट सैल झाला होता, पाणी गळत होतं, पान्हा त्यांच्या पायाशी पडलेला. मी सहज म्हटलं, आवळता का नाही? हसून म्हणाले, “जावई येऊ द्या. आता माह्या हाताचा भरोसा नाई राह्यला, मास्तर.” आत जाऊन तो पंख्यासारखा गेज घेऊन आले, फडक्यात गुंडाळलेला, तेल दिलेला. “हा तुमीच ठेवा. तुमचा हात खरा हाय.”

मी तो घेतला. होय, घेतला आणि घरी आणला.

तीन आठवडे तो गेज टेबलावर होता आणि खाली खणात ती काड्यापेटी. गेल्या मंगळवारी मी रजा टाकली आणि बसने अल्लीपूरला गेलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, त्यातलं काही बोलता आलं नाही. काड्यापेटी उघडून तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो बघितला नाही. अंगठा फिरवला, हळू, दोनदा.

“एक हाय,” ते म्हणाले.

मी म्हटलं, हो. मला तेव्हाच माहीत होतं. तरी मी तीन लिहिलं.

त्यांनी अंगठा पुन्हा त्याच खाचेवर ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर मी बसून ऐकल्या असत्या. मग ते म्हणाले, “म्हंजे आटे बरोबर होते.”

मी म्हटलं, आटे बरोबर होते.

त्यांनी तुकडा माझ्या हातात परत दिला. मी गेज पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. माझं काय, मी असं का केलं, हे त्यांनी विचारलंच नाही. उठताना एवढंच बोलले, “मले सांगून काय होते, मास्तर? वहीत तं तीनच हाय.”

आत गेले. पुन्हा बाहेर आले नाहीत. मोटारीच्या नटातून पाणी अजून गळत होतं.

म्हणून हे लिहिलं. वही समोर आहे. त्या पानावरच्या तीनवर मी एक आडवी रेघ ओढली आहे, खालचा आकडा नीट वाचता येतो. शेजारी एक लिहिलं, आजची तारीख घातली, पूर्ण सही केली. पानाच्या प्रती आणि इथवरच्या लिखाणाची एकेक प्रत मंडळाकडे, परवान्याच्या कार्यालयात आणि ठाण्यात सकाळी दिली. ठाण्यात तो तुकडाही जमा केला. विलासला प्रत त्याच्या दुकानात नेऊन दिली. त्याने उभ्याने वाचली, चष्मा लावून. एक प्रत अल्लीपूरला पाठवली आहे.

वरची नळी. खाच एक. मी बोट दोनदा फिरवलं होतं.